खरकट्याची टाकी

मुलींचं वसतिगृह, बडनेरा रोड, अमरावती
१७ फेब्रुवारी

आकांक्षा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पत्त्यात तुझ्या बाबांचं नाव, गाव आणि 'मूर्तिजापूरजवळ' एवढंच लिहिलंय. तुमच्या गावात खुशालरावांचं नाव घेतलं की म्हैससुद्धा घर दाखवते असं तूच म्हणायचीस.

रागावून लिहीत नाही असं म्हणणार नाही. रागावलेय. पण लिहितेय ते गरज पडली म्हणून. सहा मार्चला कॉलेजच्या हरित निधीच्या समितीपुढे माझी सुनावणी आहे. आपली नाही, माझी. नोटिशीवर तुझं नाव नाही.

त्या दिवशी तू माझ्या शेजारी उभी होतीस, तरी सांगते. आपल्या प्रोजेक्टच्या ललित सरांनी बायोगॅसच्या टाकीचा कॉक फिरवला, मेसच्या दुर्गाबाईने काडी ओढली आणि त्याच आठवड्यात बसवलेल्या शेगडीजवळ नेली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. समितीतले ते चष्मेवाले साहेब म्हणाले, "टाकीत काय गेलं होतं? भरण कोण बघतं?" तू फरशीकडे बघत म्हणालीस, "फीडिंग दीक्षा बघते, सर." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गावी निघून गेलीस. उशीसुद्धा नेलीस.

टाकीत काय गेलं होतं ते तुला माहीत आहे. प्रकट दिनाला अमरावतीत गल्लोगल्ली महाप्रसाद असतो, माणूस चौकापर्यंत चालत गेला तरी दोनदा जेवून येतो. आपल्या हॉस्टेलचा महाप्रसाद यंदा तुझ्या बाबांकडून होता, तुला पुण्याला नोकरी लागली त्याचा नवस. गहू, तूरडाळ, वांगी, सगळं शेतातलं. पोरी बाहेरच जेवून आल्या आणि पातेलीच्या पातेली उरली. वस्तीत पाठवावं तर तिथेही घरोघरी प्रसाद पोचलेला. प्रसाद कचऱ्यात टाकायचा नसतो, पायदळी येऊ द्यायचा नसतो. महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले तेच मुळी उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. त्यांच्याच दिवशी अन्न फेकायचं कसं? हे मलाही कळतं गं. मी बौद्ध असले तरी अकोल्याची आहे, शेगाव काय लांब नाही आम्हाला.

मग ललित सरांना सुचलं. "आपली टाकी आहे ना! झिरो वेस्ट महाप्रसाद." टाकीला झेंडूची माळ घातली. फोटोवाला बोलावला. कढीचा पहिला डाव तू टाकलास, डोक्यावर ओढणी घेऊन, हात जोडून. मी तेव्हाच म्हटलं होतं, "सर, टाकीला रोजची एक बादली झेपते. एवढी कढी आणि बुंदी गेली तर आतलं सगळं आंबेल. जंतू मरतील, गॅस धरणार नाही." सर हसून म्हणाले, "दीक्षा, प्रसादाने कधी कोणी मरतं का?" सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "तिले काय समजते प्रसादाचं." मग मी बाजूला सरकले. तू मागे वळून पाहिलंस, ते मला दिसलं होतं.

मला तुझ्याकडून फार नको. समितीला एक ओळ लिही, "दीक्षाने नको म्हटलं होतं." बाबांचं नाव घेऊ नकोस. प्रसाद हा शब्दही घालू नकोस. एक ओळ.

दीक्षा


२२ फेब्रुवारी

आकांक्षा,

तुझी ओळ आली नाही. टाकीची हालत सांगते, निदान तिच्यासाठी तरी वाच.

गॅस धरणारा वरचा डोम खाली बसलाय. झाकण उघडलं की ताकाच्या मडक्यात नाक घातल्यासारखा वास येतो. लिटमसचा कागद बुडवला की लगेच लाल होतो. भरण बंद केलं. पानठेल्यावरून चुना आणला, पाण्यात कालवून रोज थोडा थोडा सोडते. पानठेलेवाला विचारतो, "मॅडम, हॉस्टेलवर एवढं पान कोन खाऊन राहिलं?" मी म्हटलं, एक म्हातारी आहे, पोटाची दुखणाईत. त्याने वरून ओवा बांधून दिला.

पण चुन्याने फक्त आंबटपणा मरेल, जीव येणार नाही. जीव यायला चालू टाकीतली जिवंत शेणाची रबडी हवी. इथे गोठ्यांमधून शेण मिळतं, चालू गोबरगॅस कुठेच नाही. नुसत्या शेणावर बसले तर जाग यायला महिना-दीड महिना जाईल, आणि निधीचं तुला माहीतच आहे. मार्चअखेर शेगडी पेटलेली दिसली नाही तर दुसरा हप्ता परत जातो. मेसपर्यंतची पाइपलाइन, मोठी शेगडी, सगळं त्या हप्त्यावर.

तुमच्या गोठ्यामागची टाकी चालू आहे. मागच्या वर्षी तिथूनच रबडी आणली होती आपण, तुझ्या चुलतभावाच्या छोटा हत्ती टेम्पोत. वाटेत ड्रमचं झाकण उडालं आणि बडनेऱ्याच्या फाटकापाशी लोक नाक धरून आपल्याला शिव्या देत होते. निघताना तुझी आई म्हणाली होती, "विरजन नेऊन राहिल्या न पोरी? मंग दिवे लागाच्या आत न्या. दिवे लागल्यावर विरजन देत नाई आमी."

तेच विरजण मला परत हवंय. दोन ड्रम पाठव. तू येऊ नकोस हवं तर.

आपण दोघी महिनाभर मेसच्या दाराशी वजनकाटा घेऊन उभ्या होतो, आठवतं? ताटातलं उरलेलं मोजून घ्यायचो म्हणून पोरी 'खरकटी कमिटी' म्हणायच्या. बाकीच्यांनी निधीतून सोलर पॅनेलची झाडं उभी केली, पाहुण्यांच्या वाटेवर, कारण फोटो छान येतो. आपण घाणीला पैसे मागायला गेलो. अर्जाचं इंग्रजी तुझं, बादलीतले हात माझे. कोणी म्हणालं होतं, दीक्षाला सवय असेल. तेव्हा तू तिच्याशी जे भांडलीस, ते मी विसरलेले नाही. त्या आकांक्षाला हे पत्र आहे. ती घरी असली तर तिच्या हातात दे.

दीक्षा


२८ फेब्रुवारी

आकांक्षा,

ना ओळ, ना ड्रम.

ललित सरांनी बोलावलं होतं. त्यांना राक्षस म्हणावं तर तेही जमत नाही, तेही अकरा महिन्यांच्या करारावर आहेत आणि जूनमध्ये त्यांचं काय होणार हे कॉलेजच्या अध्यक्षांच्या मनावर. अध्यक्षांनी तो माळ घातलेल्या टाकीचा फोटो फ्रेम करून केबिनमध्ये लावलाय. सर म्हणाले, "प्रसादामुळे टाकी बंद पडली असं मी रिपोर्टमध्ये लिहू का? आकांक्षाचे वडील देणगीदार आहेत. त्यांना काय वाटेल? उद्या पेपरात आलं तर?" मग त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. 'माझ्या देखभालीतील हलगर्जीपणामुळे संयंत्र निकामी झाले.' खाली माझं नाव. सही केली की प्रोजेक्टचे मार्क पूर्ण, प्रकरण बंद.

आणि नागपूरचं काय करू? बायोगॅसवर काम करणाऱ्या त्या संस्थेने मला मुलाखतीला बोलावलंय ते या टाकीवरच. ते आधी कॉलेजला विचारणार. टाकी हलगर्जीपणाने मारणाऱ्या मुलीला टाकी सांभाळायच्या कामावर कोण घेईल? तुझी नोकरी पक्की आहे, तुझं पुणं ठरलंय. माझ्याकडे एवढंच होतं.

काल बाबा अकोल्याहून आले. तू त्यांना भेटलीयेस, जुन्या शहरातल्या आमच्या घरी तुला भाकरी वाढता वाढता जे थांबतच नव्हते. सरकारी कचेरीत शिपाई आहेत, या वर्षी निवृत्त होतील. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्याकडे दिला.

"करून दे न सही, माय."

"बाबा, म्या काय केलं?"

"काई नाई केलं. मले का समजत नाई? सायबाच्या किती चुका म्या माह्या नावावर घेतल्या, तुले मालूम आहे काय? कधी फाइल हारपली, कधी कुलूप उघडं राह्यलं. देवमननं केलं. हाव, देवमननं केलं. नोकरी टिकली न? तुह्यी फी त्यातूनच आली."

त्यांनी डब्यातून आणलेली मेथीची भाजी माझ्यापुढे सरकवली. जाताना टाकीपाशी उभे राहिले, आत डोकावले, म्हणाले, "वास आंबट येते वो अजून." आणि बसला गेले.

आकांक्षा, मी बाबांसारखी व्हायला इथे आले नव्हते. एक ओळ लिही. हात जोडते. हे मी कोणालाच कधी लिहिलेलं नाही.

दीक्षा


५ मार्च

उद्या सुनावणी.

आज सकाळी तुझा डीपी दिसला. म्हणजे तू ब्लॉक काढलंस. मी "आहेस?" एवढंच टाकलं. दोन निळ्या खुणा आल्या. वर 'टायपिंग' असं आलं, गेलं, पुन्हा आलं. मी मेसच्या ओट्यावर फोन धरून बसले होते, दुर्गाबाई शेजारी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कोन मेलं वो?" मी म्हटलं, कोणी नाही, थांब.

मग डीपी गेला.

हे पत्र उद्यापर्यंत तुला मिळणारही नाही. तरी लिहितेय, कारण दुसरं काय करू ते सुचत नाही. बाबांना फोन केला तर ते "सही कर" म्हणतील. सरांकडे गेले तर पेन देतील. तू काय लिहीत होतीस? 'नाही' लिहीत होतीस तर तेही पाठवायचंस. 'नाही'वर माणूस निदान झोपतो तरी.


६ मार्च

सही केली.

समोर पाच माणसं होती, चहा होता, बिस्किटं होती. चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं, "तुमच्या पार्टनरचं काही म्हणणं?" सर म्हणाले, "ती घरी गेली आहे, आई आजारी आहे." तुझी आई आजारी आहे का? नसावी. मी दाराकडे बघत होते. गाडी बडनेऱ्याला येऊन गेली असेल, रिक्षाला एवढा वेळ, फाटकाशी एवढा वेळ, असा हिशेब करत होते. दार उघडलं तेव्हा चहाचे कप उचलायला माणूस आला होता.

साहेब म्हणाले, "बेटा, चुकीतूनच माणूस शिकतो." मी हो म्हटलं.

आता पत्र लिहिणार नाही.


२६ मार्च

आकांक्षा,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण तुला कोणी सगळं सांगितलं नसेल, आणि तुला ते ठाऊक असावं असं मला वाटतं.

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकीदाराचा निरोप आला की फाटकाशी कोणीतरी घाण घेऊन आलंय. गेले तर छोटा हत्ती उभा. मागे निळे ड्रम. तुझे बाबा खाली उतरून रुमालाने मान पुसत होते.

"तू दीक्षा न?"

"हो, काका."

"तुह्यी पत्रं म्या वाचली. तांदळाच्या कोठीत सापडली तिच्या मायले. मायचा चष्मा फुटेल आहे, म्हनून म्या वाचून देल्ली. मोठ्यानं. सारं घर आयकत होतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या म्हशीचंही वाचलं असणार. मी खाली मान घालून उभी राहिले. वाटलं, आता प्रसादावरून ऐकावं लागणार.

ते म्हणाले, "पातेलंभर कढी अन् बुंदी टाकीत? कोनाचं डोकं होय हे? आमच्या इकडं कोन्या गड्यानं असं केलं असतं, तं त्याले म्या तिथंच उभा केला असता."

"काका, प्रसाद होता तो."

"मंग? प्रसाद मानसाले असते. टाकीले शेन असते. तीस वर्सं झाली गोबरगॅस चालवून राहिलो म्या. मले राग येईन म्हनता सारे. मले कोनी विचारलं काय? सरानं विचारलं? माह्या पोरीनं विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पहिल्याच पत्रात मी तुला लिहिलं होतं, बाबांचं नाव घेऊ नकोस. आपण सगळ्यांनी मिळून एका माणसाचा राग सांभाळला, आणि तो राग त्या माणसाला आलेलाच नव्हता.

"तारीख गेली मालूम आहे, तरी उद्या येतो म्या तुह्या त्या समितीपुढं," ते म्हणाले. "म्याच सांगतो."

मग मला सांगावं लागलं की काल सही झाली. ते टाकीच्या कठड्यावर बसले. चौकीदाराने दिवे लावले. दुर्गाबाई ओट्यावरून म्हणाली, "दादा, दिवे लागले. आता विरजन कसं देता?"

ते उठले. "आज देतो. उशीर आमी केला, तिनं नाई." आणि बाह्या वर करून स्वतःच ड्रम ओतायला लागले.

मी विचारलं, आकांक्षा कशी आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं. तूही छोट्या हत्तीत होतीस. बडनेऱ्यापर्यंत आलीस आणि स्टेशनपाशी उतरलीस. "म्हने, मले तिच्यासमोर नेऊ नका. परतीच्या गाडीनं गेली." हे सांगताना ते उगाच ड्रमच्या झाकणावर रागावले.

दुसऱ्या दिवशी ते थांबले. नको म्हणत असताना अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. खरं सांगितलं त्यांनी, सगळं, त्या फ्रेमखाली उभं राहून. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "खुशालराव, हा तुमचा मोठेपणा आहे. मुलीच्या मैत्रिणीसाठी दोष अंगावर घेता." आणि शाल-श्रीफळ दिलं. बोलायला गेले आणि सत्कार होऊन आले. शाल त्यांनी दुर्गाबाईच्या हातात दिली, "तांदूळ निवडाले घे अंगाखाली." नारळ तिने फोडला, चटणी केली.

नागपूरची जागा गेली. कॉलेजकडून आलेला शेरा त्या संस्थेने वाचला, छापील पत्र पाठवलं. निधीची फाइल बंद झाली, हप्ता परत गेला. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं, सुटलीस."

परवा डोम वर आला.

खरंच आला. मी वीत लावून पाहिली. लिटमस निळा आला. दुर्गाबाईने काडी ओढली आणि शेगडी पेटली, निळी, आवाज करत. मग तिने चहा ठेवला. चहाचा वास आला म्हणून की काय, ललित सर आले. ज्योतीकडे बघत उभे राहिले. दुर्गाबाईने कप दिला, तो घेतला. "दीक्षा, फाइल बंद झाली आहे," एवढंच म्हणाले. फोटो काढला नाही. कप मात्र स्वतः विसळून ठेवला.

एक तारखेला जेसीबी येऊन टाकी बुजवणार. तिथे आता सोलरचं झाड होणार आहे.

आता मुद्द्याचं. तू बडनेऱ्याला उतरलीस त्याचा मला राग आला. खूप आला, दोन दिवस जेवले नाही. तुझी उशी नसलेली कॉट बघवेना म्हणून तिच्यावर मी पुस्तकं ओतून ठेवली. पण मग लक्षात आलं. मी सही केली आहे. आता तुला माझ्यासाठी खरं बोलायची गरज उरली नाही. कोणापुढे उभं राहायचं नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही, ओळ लिहायची नाही. ते सगळं संपलं.

म्हणजे आता तू येऊ शकतेस.

एक तारखेच्या आधी ये. काही बोलू नकोस. आपण दोघींनी लावलेली शेगडी आपण दोघींनी एकदाही एकत्र पेटलेली पाहिली नाही. येताना काडेपेटी आण, दुर्गाबाईची संपलीय. कॉटवरची पुस्तकं मी उचलून ठेवते.

दीक्षा